पाठीचं ऑपरेशन आणि लावणीचं वाकणं

सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर अंगदुखी घेऊन लांबून माणसं येतात. वैशाखात बियाण्याचं सांगायला मी त्या गावी गेलो, तर पंचेचाळिशीच्या एका वहिनींनी भलतंच विचारलं, "साहेब, पाठीचं आपरेशन करू का नको?" मी पडलो शेतकी पदविकावाला. पण त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन आलो. तिथं कळलं ते सांगतो.

वहिनींचा कणा वयात येतानाच एका अंगाला वळलेला. याला स्कोलिओसिस म्हणतात. ही करणी नव्हे. बहुतेकदा कारण सापडतच नाही. एक्स-रेवर वळणाचा कोन मोजतात. वाढ संपल्यावर 30 अंशांखालचं वळण सहसा तसंच राहतं, 50 च्या वरचं मात्र वर्षाला अंशभर वाढू शकतं. म्हणून जुने फोटो सातबारासारखे जपा. वळण वाढतंय का, ते त्यावरूनच कळतं. झऱ्याच्या शेकाने स्नायू सैल होतात, बरं वाटतं. कोन हलत नाही.

ऑपरेशनमध्ये स्क्रू आणि सळ्या घालून मणके एकमेकांशी जोडतात. वळण थांबतं, दुखणंही बऱ्याच जणांचं उतरतं. पण जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही. तेव्हा डॉक्टरांना हे विचाराच: किती मणके जोडणार, आणि खाली कुठवर? कंबरेपर्यंत जोडले तर लावणीचं वाकणं अवघड. आपण भात लावतो, हे त्यांना आपणच सांगायला हवं. या वयात धोकाही तरुणपणापेक्षा जास्त: जंतुसंसर्ग, नसेला इजा, सळी तुटून पुन्हा ऑपरेशन. हाडांची घनता आधी तपासून घ्यावी. तंबाखू-मिश्रीतल्या निकोटिनमुळे हाडं नीट जुळत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या!

पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-संडासावरचा ताबा सुटत असेल, तर मात्र थांबू नका, लगेच मोठं रुग्णालय गाठा. एरवी घाई नाही. खर्च सरकारी योजनेत बसतो का, ते आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि दिवाळीनंतर ऑपरेशन केलं तरी पुढच्या आषाढातली लावणी आपल्या हातची नाही, हे धरून चाला.

वहिनींनी तूर्त मिश्री सोडलीय. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून ठरवणार. यंदा पाच गुंठ्यांत कर्जत तालुक्यातल्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा भात तंत्र करायचं ठरलंय: गादीवाफ्यावर बी टोकायचं, चिखलणी नाही, लावणीही नाही. टोकायला वाकावं लागतंच, ते मालक करतील म्हणाले. वाफे आखायला दोरी घेऊन मी येत्या सोमवारी जातोय.