राजूरचे नळाचे पाणी आणि कावीळ

अकोले तालुक्यातील राजूर प्रवरेच्या खोऱ्यात वसले आहे. वरच्या अंगाला 1926 साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण. तरीही 2025 च्या उन्हाळ्यात गावात दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली. म्हणजे धरण उशाला असले, तरी नळाचे पाणी शुद्ध असेलच असे नाही. पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल, तर एरवी जलवाहिनी रिकामी राहते आणि गटाराजवळच्या गळक्या सांध्यातून घाण आत ओढली जाते.

पाण्यातून पसरणारी कावीळ 'अ' आणि 'ई' विषाणूंमुळे होते. 'ई' गर्भवतींना विशेष घातक. दूषित पाणी पोटात गेल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी तिची लक्षणे दिसतात. तोवर गळती बुजलेलीही असते, त्यामुळे उगम शोधणे जिकिरीचे.

भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नये आणि नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावे. ते तपासायची ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी मिनिटाभराची: थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, तर क्लोरीन आहे. पाण्यात क्लोरीनसाठी टाकायची ब्लीचिंग पावडर उघडी राहिली की निकामी होते, आणि नेमके तिकडेच दुर्लक्ष होते. साथीच्या काळात पाणी खळखळून उकळणेच खात्रीचे.