पिक घ्यायचंय? आधी बोटानं वाकवून बघा

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी घरात गिटार येते तेव्हा आपण काय काय बघतो? तिचा रंग, किंमत, सोबत पिशवी फुकट मिळते का ते. आणि ज्या इवल्याशा तुकड्यानं तार छेडायची, ते ‘पिक’ मात्र दुकानदार देईल ते पर्समध्ये टाकून घरी येतो. सूर कानाला गोड लागतो की खरखरीत, हे बरंचसं त्या तुकड्यावर ठरतं, बरं का!

हरिहरेश्वरला पर्यटकांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका वहिनींचंच बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्यांच्या वाडीतल्या पोफळी आणि माड आडवे झाले. घडी बसायला काही वर्षं गेली. मग लेकीसाठी गिटार घेतली, तीही महिन्याला थोडे थोडे पैसे डब्यात टाकून. लेक मोबाइलवर बघून शिकायला लागली आणि पंधरा दिवसांत गिटार कपाटावर! “आई, मला नाही जमत. हात दुखतो, आवाजही कसातरीच येतो.” आता डब्यातले पैसे आठवून कुठल्या आईचा जीव चुटपुटणार नाही?

सुटका केली ती गावातल्या बेंजो पार्टीत वाजवणाऱ्या भाऊंनी. त्यांनी पिक अंगठ्यानं वाकवून बघितलं. ते जराही हललं नाही. “वहिनी, हे दीड मिलिमीटरचं आहे. मुरलेल्या हाताचं काम. पोरीला पातळ आणा,” म्हणाले. पातळ पिक आलं आणि गिटार कपाटावरून खाली उतरली.

बेंजोवाल्यांना हे कळतं यात नवल नाही. आपल्याकडे हळदीला, गणपतीत जो बेंजो वाजतो, त्याचं मूळ ‘ताइशोगोतो’ या जपानी वाद्यात. १९१२ मध्ये नागोया शहरात ते तयार झालं. डाव्या हातानं कळा दाबायच्या आणि उजव्या हातातल्या पिकनं तारा छेडायच्या. तासन् तास वाजवणाऱ्या माणसाला कुठलं पिक हाताला त्रास देतं ते पक्कं ठाऊक असतं. क्लास नसला तरी असा माणूस गावात सापडतोच. त्याला विचारायला लाजू नका.

तर पहिली गोष्ट जाडी. बऱ्याच पिकांवर ती मिलिमीटरमध्ये छापलेली असते. नवशिक्या हाताला, गाण्याबरोबर सगळ्या तारांवरून हात फिरवायला ०.६० ते ०.७३ ठीक. याहून पातळ घेतलं तर फटफट आवाज येतो. एकेक तार छेडून धून वाजवायची असेल तर हळूहळू ०.८८ किंवा १ मिलिमीटरकडे जावं. मँडोलिनचं गणित मात्र उलटं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये (१९९५) सरसोच्या शेतात शाहरुखच्या हातात असतं ना, तेच वाद्य. त्यात तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा, आणि त्याही चांगल्या ताणलेल्या. लवचीक पिक तिथे मार खातं. त्यामुळे मँडोलिनवाले १ मिलिमीटरच्या वरचंच पसंत करतात आणि टोकही जरा गोलसर घेतात. टोकदार पिकचा आवाज झणझणीत, गोल टोकाचा मऊ.

दुसरी गोष्ट कड. पिकच्या कडेवरून नख फिरवा. साच्याची रेघ किंवा खरखर लागली तर ते परत ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी तारेवर खसखस ऐकू येईल. आपण पोळपाट-लाटणं घेताना हात फिरवून बघतो, तसंच हे.

नायलॉनचं पिक स्वस्त आणि मऊ आवाजाचं. पण कोकणातल्या घामट हवेत गुळगुळीत नायलॉन बोटांतून सटकतं. खडबडीत पकड असलेलं किंवा वरून पावडर लावल्यासारखं कोरडं वाटणारं घ्यावं. सेल्युलॉइडची पिकं दिसायला फार देखणी, पण सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, म्हणून देवघरातल्या निरांजनापासून लांबच. धातूचं पिक मुलांना भारी वाटतं. माझं मत विचाराल तर नको. तारा लवकर झिजतात. आधीच समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं त्या गंजतात, त्यात ही भर कशाला? वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं तारा पुसायची सवय मात्र लावाच.

पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांचं सेल्युलॉइडचं पिक पाहिलंय? ती कासवाच्या पाठीची नक्कल. पूर्वी खरोखरच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचाची पिकं, कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा बनत. इतकी कासवं मारली गेली की १९७७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या कासवाला संरक्षण आहे आणि त्याच्या कवचाच्या वस्तूंची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघून पाण्याकडे धावतात. जात वेगळी, पण कवच डोळ्यांसमोर तेच येतं. तेव्हा ‘अस्सल कासवाचं’ म्हणून कुणी पिक दाखवलं तर हातही लावू नका.

अस्सलच हवं तर आपली करवंटी आहे की! सरोद ज्यानं छेडतात त्या तुकड्याला ‘जवा’ म्हणतात आणि ती परंपरेनं करवंटीची असते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातही वाजवलेल्या मुंबईच्या झरीन दारूवाला (१९४६–२०१४) यांच्यासारख्या बाईंनी हे वाद्य मैफलीत गाजवलं. जाड, जुनी, तडा नसलेली करवंटी घ्यायची, तिकोनी तुकडा कापायचा आणि आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं घासत बसायचं. कापताना डोळे सांभाळा, तुकडे उडतात. गिटारवर ती जरा कडक वाजते, मँडोलिनवर बरी.

आणि हो, एक पिक कधीच आणू नका. तीन जाडीची दोन-दोन आणा. गिटारच्या किमतीपुढे हा खर्च जेवणातल्या चटणीएवढा. कुठलं हाताला बसतं ते मुलांनाच ठरवू दे. उरलेली सहाच्या सहा धुवायच्या कपड्यांच्या खिशात सापडतील, तेव्हा मशीन लावण्याआधी खिसे चाचपा.