तारकांच्या मेळाव्यास जातांना

अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत स्प्रिंगफील्डजवळच्या टेकडीवर स्टेलाफेन येथें स्वहस्तें दुर्बिणी घडविणाऱ्या हौशी मंडळींचा पहिला मेळावा १९२६ सालीं भरला. तेथें तंबूंत रात्री काढावयाच्या, तर दुर्बिणीआधीं विजेरीचा विचार करावा. अंधारास डोळे सरावण्यास वीस-तीस मिनिटें लागतात. पांढऱ्या प्रकाशाची एक तिरीप ती सारी साधना क्षणांत घालविते, आणि तीहि शेजाऱ्यांची! म्हणून विजेरीवर तांबडा कागद बांधावा; मंद तांबडा प्रकाश डोळ्यांस फारसा बाधत नाहीं. मोबाइल झांकलेलाच बरा. दुसरा शत्रु दंव. उघड्या आकाशाखालीं भिंग हवेहून थंड होतें व त्यावर पाणी धरतें. नळीच्या तोंडाशीं पुठ्ठ्याचें नळकांडें बसविल्यास बराच बचाव होतो. उन्हाळा असला तरी कांबळें घ्यावेंच.