गाडी पण वाजत होती

जुनी गाडी विकायची झाली की संभाजीनगरचा तरुण मालक दोन गोष्टी आधी काढून घेतो: डॅशबोर्डवरचा गणपती आणि डिक्कीतला वूफर. गणपती नव्या गाडीत जातो. वूफरला तिथे जागा नसते, कारण डिक्कीत आता सीएनजीची टाकी असते. मग तो बारा इंची ऐवज पलंगाखाली पडून राहतो आणि घरात मोठा टीव्ही आला की जालना रोडच्या मागच्या गल्लीत उस्तादांकडे येतो. "याचं होम थिएटर करून द्या."

उस्ताद गाड्यांच्या टेपचे जुने फिटर. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे. "गाडीत होता तेव्हा गाडी पण वाजत होती, दादा."

गिऱ्हाइकाला हा टोमणा वाटतो, पण ते शुद्ध पदार्थविज्ञान आहे. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ३० हर्ट्झची एक लाट जवळजवळ साडेअकरा मीटर लांब. गाडीचा आतला भाग जेमतेम पावणेतीन मीटर. एवढ्यात ती लाट मावतच नाही. काचा वर असल्या की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि सुटते. साधारण ६० हर्ट्झच्या खाली जसजसं उतरावं तसतसा हा दाब वाढतो, हिशेबाने दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. आणि बंद खोक्यातला वूफर आपल्या हद्दीखाली घसरतो तोही दर सप्तकाला १२ डेसिबलनेच! त्याची घट गाडी फुकटात भरून काढत होती. सिडकोतल्या पंधरा फुटी हॉलमध्ये ती मदत बंद होते. खिडक्या, दार, जिन्याकडची फट सगळीकडून दाब निसटतो. उरलेलं काम खोक्याने आणि विजेने करायचं असतं.

खोक्याचा हिशेब उस्ताद पाठकोऱ्या कागदावर करतात. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरचा स्वभाव मोजक्या आकड्यांत मांडला. ते आकडे बऱ्याच वूफरच्या माहितीपत्रकात असतात, आणि तो कागद गिऱ्हाइकाने हमखास फेकलेला असतो. मग मॉडेल नंबरवरून मोबाईलवर शोधायचं. मी पाहिलेल्या वूफरची स्वतःची कंपनसंख्या २८ हर्ट्झ, क्यूटीएस (कोनाचं घुमणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.५ आणि व्हास (कोनाच्या लवचिकतेच्या तोडीची हवा) ५० लिटर होता. सूत्रात घातलं की सपाट, न घुमणाऱ्या आवाजासाठी खोकं येतं बरोबर ५० लिटरचं. डिक्कीत हाच वूफर २८ लिटरमध्ये कोंबलेला होता. तिथे तो ४७ हर्ट्झच्या आसपास घुमायचा, आता ही हद्द ४० वर येते. गाडीच्या वूफरचा हा गुण मला फार आवडतो: जड कोन, लांब हालचाल, आणि थोड्या जागेत राहायची सवय. किंमत मोजायची ती विजेत. असा जड कोन थोड्या वॅटला दाद देत नाही, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढवायला वॅट दुप्पट लागतात.

लाकूड प्लाय, १८ मिलिमीटर. एमडीएफ स्वस्त आणि वजनदार असतो, पण पावसाळ्यात ओल लागली की कडा फुगतात, म्हणून उस्ताद त्याला हात लावत नाहीत. बाहेरून १६ इंची चौरस ठोकळा केला की आत ३७ सेंटिमीटर उरतात. ३७ गुणिले ३७ गुणिले ३७ म्हणजे ५० लिटरच्या किंचित वर. वूफरचं लोहचुंबक आणि आतली आडवी पट्टी दोनतीन लिटर खातात, तेवढी भरपाई रेक्रॉन भरून होते. तंतूंमुळे वूफरला खोकं थोडं मोठं भासतं. पुढची फळी दुहेरी असते. त्या जोडीचा दुसरा थर बाहेरून चढतो, नाहीतर आतलं माप बिघडतं. सुतार सांध्याला फेविकॉल लावून स्क्रू मारतो आणि आतून सिलिकॉन फिरवतो. वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी जाते. मग उस्ताद तळहाताने कोन हलकेच आत दाबून सोडतात. तो झटकन परतला तर कुठेतरी हवा गळते. सावकाश परतला तर खोकं पास.

वायरिंगचं काम थोडक्यात आटपतं, पण चूक तिथेच महाग पडते. या वूफरला दोन क्वाइल आहेत, प्रत्येकी ४ ओहम. एकामागे एक जोडल्या तर ८, समांतर जोडल्या तर २. घरच्या रिसीव्हरच्या स्पीकर टर्मिनलला २ ओहम दिले तर तो तापून बंद पडतो, वाईट दिवस असेल तर कायमचा. जोडण्याआधी दीड व्होल्टचा घड्याळाचा सेल टर्मिनलला टेकवतात. कोन बाहेर आला की प्लस सापडला.

आता वीज. गिऱ्हाइकाला वाटतं, गाडीचा अ‍ॅम्पही सोबत आहे, तोच लावा. करताही येतं: जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसची हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो आणि १२ व्होल्ट मिळतात. पण जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पमधून ३०० वॅट काढायचे तर आत ५०० च्या आसपास द्यावे लागतात. १२ व्होल्टला हे ४० अँपिअरहून जास्त झालं. सिनेमात इमारत कोसळते नेमक्या त्याच क्षणी एसएमपीएस स्वतःला वाचवून झोपतो. म्हणून उस्ताद डी क्लासचा बोर्ड बसवतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप ५० व्होल्टच्या आसपास चालते, कमी तापते आणि हे काम पेलते. रिसीव्हरच्या सबवूफर आऊटमधून आरसीए केबल आणायची, ८० हर्ट्झच्या वरचं सगळं बाकीच्या स्पीकरांकडे सोडायचं.

जागा ठरवायची पद्धत पाहून घरच्यांना हसू आवरत नाही. वूफर सोफ्यावर, माणसाच्या जागी ठेवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे ठोका भरीव आणि सारखा ऐकू येईल तिथे नंतर वूफर ठेवायचा. पंधरा फुटी खोलीच्या लांबीत ३७-३८ हर्ट्झला लाट अडकते: दोन्ही टोकांच्या भिंतींजवळ ती गरजते, मधोमध जवळजवळ गायब होते. सोफा नेमका मध्ये असेल तर हजारो रुपये खर्चूनही तो सूर कानावर येत नाही.

शेजाऱ्यांचा मुद्दा वेगळा. ध्वनी प्रदूषण नियमांत २००० सालापासून निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ती मोजणारा 'ए' पद्धतीचा मीटर ३१.५ हर्ट्झच्या आवाजातून ३९ डेसिबल आधीच वजा करतो. त्यामुळे शेजारच्या मावशींची भांडी कपाटात वाजतात आणि मीटर मात्र शांत असतो. गणपतीत डीजेपुढे उभं राहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. उस्ताद खोक्याखाली जाड रबर घालतात, तरी भिंत सामाईक असेल तर ते पुरत नाही. रात्री दहानंतर गेन खाली आणायचा, हे ते बजावून सांगतात.

गिऱ्हाईक एवढं ऐकून विचारतं, "अजून एक वूफर लावला तर?" मला वाटलं होतं, उस्ताद कपाळाला हात लावतील. ते म्हणाले, "लावा. पण समोरासमोरच्या भिंतींवर, मधोमध." दोन वूफर तसे ठेवले की ३७ हर्ट्झची ती अडकलेली लाट एकमेकांकडून रद्द होते, खोलीत सगळीकडे बास सारखा पसरतो आणि दोघांवरचा गेनही कमी ठेवता येतो. गिऱ्हाइकाच्या कानात त्यातलं "लावा" एवढंच शिरलं. तो तिथूनच मित्राला फोन करून विचारत होता, तुझी गाडी कधी विकतोयस.