सातपुड्यातील गावठी आंबा व पांढरा आमचूर

नंदुरबार जिल्ह्याच्या सहा तालुक्यांपैकी अक्राणी व अक्कलकुवा हे दोन तालुके प्रामुख्याने सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले आहेत. धडगाव, मोलगी व तोरणमाळ या भागांत शेताच्या बांधावर, घराच्या आसपास व नाल्याच्या काठी कोयीपासून वाढलेली आंब्याची जुनी झाडे सर्वत्र आढळतात. या आंब्याला बाजारात स्वतंत्र नाव नाही. त्यास सरसकट गावठी असेच म्हणतात. तथापि त्याच्या कैरीपासून तयार होणारा आमचूर हे येथील भिल्ल व पावरा कुटुंबांच्या उन्हाळी मिळकतीचे एक मोठे साधन आहे.

हा आंबा पिकवून का विकला जात नाही, असा प्रश्न सपाटीवरील शेतकऱ्यास पडणे स्वाभाविक आहे. गावठी फळ लहान व रेषाळ असते, एका झाडाची फळे थोड्या दिवसांत एकदम पिकतात आणि घाटरस्त्याने बाजारापर्यंत नेईतो त्यांची नासाडी होते. कैरीच्या गरात मात्र शंभर भागांत सुमारे पंच्याऐंशी भाग पाणी असते. साल व कोय काढून गर वाळविला म्हणजे १०० किलो कैरीचा ढोबळ हिशेबाने १० किलोच्या आसपास आमचूर होतो. हे ओझे डोक्यावरूनही बाजारास नेता येते आणि नीट राखल्यास ते महिनोन्‌महिने टिकते. ज्या प्रदेशात रस्ता दूर व उतार फार, तेथे पाणी वाहून नेण्यापेक्षा ते उन्हाला देणे केव्हाही शहाणपणाचे होय.

शिवाय हा पैसा हाती येण्याची वेळ महत्त्वाची आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीस व अन्य मजुरीस गुजरातेत किंवा राज्याच्या इतर भागांत गेलेली अनेक कुटुंबे होळीच्या सुमारास व त्यानंतर परततात. एप्रिल व मे महिन्यांत कैरी उतरते, फोडी वाळतात, आणि पुढे लगेच खरिपाचे बी-बियाणे घ्यावयाचे असते. आमचुरास भाव बरा मिळाला तर बियाण्यासाठी उसनवारी करावी लागत नाही. कैरी सोलणे, चिरणे व वाळविणे ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात, म्हणून याविषयीची माहिती केवळ पुरुषांच्या सभेत देऊन भागणार नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे.

व्यापारी आमचुराची प्रत प्रथम रंगावरून ठरवितो. पांढुरक्या फोडीस चांगला भाव मिळतो; काळपट फोड, मग ती कितीही आंबट असो, स्वस्तात जाते. हा काळेपणा झाडाचा दोष आहे अशी समजूत काही ठिकाणी आढळते, परंतु त्याचा पुष्कळसा भाग हाताळणीतून येतो. कैरी चिरताच गरातील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन फोड तपकिरी पडू लागते. साध्या लोखंडी विळ्याने चिरल्यास कैरीतील तुरट द्रव्य व लोह यांच्यामुळे हा डाग अधिकच गडद होतो. त्याकरिता न गंजणाऱ्या पोलादाची, म्हणजे स्टीलची सुरी वापरावी. कैरी आधी स्वच्छ पाण्याने धुऊन देठाचा चीक काढून टाकावा, साल पूर्णपणे सोलावी आणि फोडी एकसारख्या जाडीच्या कराव्यात. जाड व पातळ फोडी एकत्र पसरल्या तर पातळ फोड करपते व जाड फोड आत ओली राहते. दिवसभर चिरून संध्याकाळी वाळत घालण्याची पद्धत सर्वांत नुकसानीची आहे. सकाळी जेवढे वाळत घालता येईल तेवढेच सोलावे.

फोडी शेणाने सारवलेल्या जमिनीवर, उघड्या खडकावर किंवा रस्त्याच्या कडेस पसरल्याने त्यांत माती, खडे व कचरा मिसळतो. बांबूच्या ताटीवर किंवा जमिनीपासून उंच बांधलेल्या मांडवावर स्वच्छ कापड पसरून एकेरी थर द्यावा. यामुळे खालूनही हवा खेळते व वाळण्याचा काळ कमी होतो. रात्री फोडी गोळा करून झाकाव्यात. वळिवाच्या एका सरीने दोन दिवसांचे काम वाया जाते व भिजलेल्या फोडीस बुरशी धरते, म्हणून आभाळ भरून येताच ताट्या आत नेता येतील अशी व्यवस्था आधीच असावी. ज्या बचत गटास शक्य असेल त्याने सौर वाळवणी यंत्राचा विचार करावा. फोड वाकविली असता न लवता कट्‌कन मोडली म्हणजे ती वाळली असे समजावे. नंतर ती थंड करून हवाबंद डब्यात किंवा जाड पिशवीत भरावी. पावसाळी हवेत उघडे पोते ठेवल्यास ती पुन्हा ओल धरते.

कैरी केव्हा उतरावी, यालाही महत्त्व आहे. अगदी कोवळ्या कैरीत गर थोडा निघतो. पाडास आलेल्या फळातील आंबटपणा घटून गर पिवळसर व गोडसर होतो. कोय धरलेली पण आतून पांढरी असलेली कैरी उत्तम. फांद्या तोडून किंवा काठीने झोडपून कैऱ्या पाडल्यास फळे फुटून डागाळतात व पुढील वर्षी ज्या डहाळ्यांना मोहोर यावयाचा त्याच नष्ट होतात. जाळी बांधलेल्या काठीने फळे उतरावीत.

प्रदेशाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालास आता कायद्याचे संरक्षण मिळू शकते. भौगोलिक उपदर्शनाचा कायदा १९९९ साली मंजूर होऊन २००३ पासून अमलात आला. त्याची नोंदणी चेन्नई येथील कार्यालयात होते, ती दहा वर्षे चालते व नंतर तिचे नूतनीकरण करता येते. याच जिल्ह्यातील नवापूरची तूरडाळ व जळगावची केळी यांची अशी नोंद झालेली आहे. मात्र नाव नोंदले म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यास ते आपोआप वापरता येते असे नाही. त्या क्षेत्रातील उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, आणि माल ठरलेल्या प्रतीचा असावा लागतो. एकाच पोत्यात पांढऱ्या व काळ्या फोडी मिसळणाऱ्यास कोणत्याही नावाचा उपयोग व्हावयाचा नाही.

अलीकडे डोंगरी भागातही केशरची कलमे लावली जातात. पिकल्या फळासाठी ती चांगलीच आहेत. परंतु त्यांसाठी आंबट गावठी झाड तोडणे इष्ट नाही. कोयीपासून झालेले प्रत्येक झाड निराळे असते, व एकदा तोडलेले झाड कोय पेरून जसेच्या तसे परत मिळत नाही. गावातील ज्या झाडाची कैरी भरपूर गराची, कमी रेषांची व पांढरी फोड देणारी आहे, त्यावर या हंगामातच खूण करून ठेवावी. पावसाळ्याच्या आरंभी त्याच झाडाच्या निरोगी काड्या घेऊन गावठी रोपांवर कोय कलमे बांधता येतात.