एका बिंदूचा भार

आकड्यांना आपल्या सार्वजनिक जीवनात वेदवाक्याची प्रतिष्ठा लाभली आहे. आकडे पुढे आले की वाद मिटला, अशी समजूत रूढ आहे. ती किती फसवी ठरू शकते, हे संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ साली अकरा-अकरा निरीक्षणांच्या चार संचांनी दाखवून दिले. चारही संचांत सरासऱ्या जवळजवळ सारख्या, सहसंबंध गुणांक ०.८२, आणि एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधणारी समाश्रयण रेषाही तीच. आलेख काढला की मात्र चारांची तोंडे चार दिशांना! चौथ्या संचात दहा निरीक्षणांचे क्ष-मूल्य ८ आहे, एकट्याचे १९. रेषेचा सारा चढ त्या एकट्यावर उभा आहे. त्याला वगळले, तर चढ ठरविताच येत नाही.

यातील मेख अशी की, रेषेपासून दूर पडलेल्या बिंदूचाच आपण संशय घेतो. हा बिंदू तर नेमका रेषेवर बसलेला आहे. कारण रेषा त्यानेच आपल्याकडे ओढून घेतली आहे. म्हणून १९७७ साली डेनिस कुक यांनी निराळा प्रश्न विचारला: एखादे निरीक्षण वगळल्यास निष्कर्ष किती हलतो? त्या हालचालीचे माप आज ‘कुकचे अंतर’ म्हणून ओळखले जाते.

हा धडा वर्गापुरता नाही. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या प्रगत देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असते, असे राइनहार्ट व रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली मांडले. काटकसरीच्या धोरणांचे समर्थक त्याचा दाखला देऊ लागले. २०१३ सालच्या फेरतपासणीत दिसले की, न्यूझीलंडच्या एकट्या १९५१ सालाला, म्हणजे उणे ७.६ टक्क्यांना, ब्रिटनच्या १९ वर्षांइतकेच वजन मिळाले होते. वजनाची ही रीत बदलून व इतर चुका दुरुस्त करून सरासरी २.२ टक्के निघाली. येथे रेषा नव्हती, साधी सरासरी होती. दुखणे मात्र तेच.

मग असे निरीक्षण खोडून टाकावे काय? मुळीच नाही. नोंदीतली चूक असेल तर ती सुधारावी. नोंद खरी असेल तर कदाचित तीच सर्वांत मोलाची. परंतु तिच्यासह निष्कर्ष काय आणि तिच्याविना काय, हे दोन्ही सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. ज्यांच्या शाळा, नोकऱ्या व निवृत्तिवेतन अशा निष्कर्षांवर ठरते, त्या नागरिकांनी हा हिशेब मागितलाच पाहिजे.