दुधाविना स्वयंपाक : एक सामुदायिक प्रयोग

मांस, मासे आणि अंडी यांच्याबरोबरच दूध, दही, तूप व मधही वर्ज्य करणाऱ्या आहारास 'वीगन' आहार म्हणतात. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली घडविण्यात आला. तथापि दुधाविना जगता येईल काय, याचा शोध भारतीय कार्यकर्त्यांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांत त्यापूर्वीच सुरू झाला होता. त्यातील एक अध्याय विदर्भातील आहे.

टॉल्स्टॉय फार्म ते मगनवाडी

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ १९१० साली सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी टॉल्स्टॉय फार्मची स्थापना झाली. वेगवेगळ्या धर्मांच्या व प्रांतांच्या या मंडळींचे स्वयंपाकघर एकच होते. हातजात्यावरील पिठाची पाव-रोटी तिथे होई. शेंगदाणे भाजून, वाटून केलेले लोणी नेहमीच्या लोण्यापेक्षा बरेच स्वस्त पडे. याच फार्मवर १९१२ साली महात्मा गांधी व हर्मन कॅलेनबाख यांनी दूध सोडले. कलकत्त्यात गाई-म्हशींचा होणारा छळ हे त्यामागील एक कारण होते.

हा प्रयोग निर्वेध पार पडला नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात शेंगदाणे व लिंबू यांवर भिस्त ठेवणारे गांधीजी गंभीर आजारी पडले. व्रत घेताना गाई-म्हशींचेच दूध मनात होते, असा अर्थ लावून १९१९ मध्ये त्यांनी शेळीचे दूध सुरू केले. या तडजोडीचे शल्य त्यांनी आत्मकथेत नोंदविले आणि दुधाला वनस्पतिजन्य पर्याय सुचविण्याचे आवाहन जाणकारांना केले.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली हा शोध पुढे चालू राहिला. तेथील पंगतीत दूध वर्ज्य नव्हते; परंतु सोयाबीन व कच्च्या पालेभाज्यांचे प्रयोग कार्यकर्त्यांनी मिळून केले. त्यांचे वृत्तांत 'हरिजन'मधून प्रसिद्ध झाले. पुढे सोयाबीन विदर्भाचे प्रमुख पीक झाले.

उणीव कोठे होती?

त्या पिढीला न सापडलेला दुवा ब-१२ हे जीवनसत्त्व होय. ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले १९४८ साली, म्हणजे गांधीजींच्या निधनाच्याच वर्षी. हे जीवनसत्त्व सूक्ष्मजीव तयार करतात आणि वनस्पतिजन्य अन्नात त्याचा भरवशाचा साठा नसतो. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा जाणवते. मग रक्तक्षय होतो, मज्जातंतूंना इजा पोहोचते. म्हणून दूध सोडणाऱ्याने ब-१२ची गोळी किंवा ते मिसळलेले अन्न नियमित घेणे आवश्यक ठरते. आंबवलेले पदार्थ वा मोड आलेली कडधान्ये ही गरज भागवीत नाहीत.

मिळून शिकण्याचा लाभ

ऑरोव्हिलजवळ २००३ साली सुरू झालेल्या साधना फॉरेस्टमध्ये देशोदेशीचे स्वयंसेवक वनीकरणाबरोबरच वीगन स्वयंपाकही आळीपाळीने करतात. या पद्धतीमागे व्यवहार आहे. भिजविणे, वाटणे, गाळणे ही कामे एकट्याला जड जातात. दहा हातांत ती हलकी होतात. सोयाबीन नीट न उकळल्यास पचत नाही आणि शेंगदाण्याचे दूध गार झाल्यावर त्याला विरजण लागत नाही. हिरव्या मिरचीच्या देठांचे विरजण लावण्यासाठी ते कोमटच हवे. असे बारकावे पाककृती वाचून कळत नाहीत. शेजारी उभे राहून पाहावे लागतात.

दवनीवाड्याचे ताट

गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्यासारख्या गावांत असा वर्ग भरविल्यास महागड्या बाटलीबंद पेयांची गरज नाही. भात, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी यांत मुळातच दूध नसते. तीळ व नाचणीतून कॅल्शियम मिळते, तर जवसात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले असतात. धानानंतरच्या ओलीवर येणारी लाखोळी मात्र बेतानेच खावी. दीर्घकाळ तेच मुख्य अन्न झाल्यास पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

परंपरेतील पदार्थ पुष्कळ आहेत, पण केवळ परंपरा पुरेशी नाही, हाच मगनवाडीच्या प्रयोगाचा धडा होय. दुधाविना स्वयंपाक शिकविणाऱ्या प्रत्येक गटाने पहिल्याच दिवशी चुलीआधी ब-१२ची माहिती द्यावी. वाढत्या वयाची मुले व गर्भवती यांच्याबाबत तर आहारतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.